म्हातारा तेवढ्या वेळात कुठं होता?

गेल्या पावसाळ्यात आम्ही चार मित्रांनी मिळून अठरा मिनिटांची एक शॉर्ट फिल्म केली. चौघेही आयटीतले. कॅमेरा भाड्याचा, घर एका मित्राच्या मामाचं, सासवडजवळच्या गावातलं. दिग्दर्शन एकाने केलं, लेखन आणि संकलन माझ्याकडे आलं. लेखन आलं कारण गोष्ट माझी होती. संकलन आलं कारण चौघांत फक्त माझ्या लॅपटॉपला बरं ग्राफिक्स कार्ड होतं.

फिल्ममधला मुख्य प्रसंग साधा आहे. पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावी येतो आणि वडिलांना सांगतो, की विहिरीजवळचा दीड एकराचा तुकडा विकू या, फ्लॅटचं डाउन पेमेंट भरायचंय. वडील ओट्यावर बसून सुपारी कातरतायत. ते जवळपास काहीच बोलत नाहीत. मुलगा बोलत राहतो, समजावतो, चिडतो आणि शेवटी त्याला रडू येतं. पटकथेत तीन पानं, पडद्यावर साधारण साडेतीन मिनिटं.

शूटिंग दोन दिवस चाललं. या प्रसंगाचे दोघांना एकत्र घेणारे चार मास्टर टेक झाले, मुलाच्या क्लोज-अपचे नऊ आणि वडिलांच्या क्लोज-अपचे तीन. संध्याकाळचा उजेड चालला होता, म्हणून तीनवर थांबलो. मुलाचं काम करणारा आमचा मित्र सातव्या टेकला असा काही रडला, की बूम धरलेल्या पोराचेही डोळे भरून आले. एडिटला बसलो तेव्हा मी सवयीप्रमाणे आधी एक एक्सेल शीट केली. टेक क्रमांक, फोकस, आवाज, उच्चार, कंटिन्युइटी, अभिनय. प्रत्येकाला पाचपैकी गुण. सातव्या टेकला जवळपास पैकीच्या पैकी मिळाले. वडिलांच्या तिसऱ्या टेकला चौदा. फोकस एकदा सुटला होता आणि कॅमेऱ्याबाहेरून मुलाचा संवाद अडखळला होता. त्यावर लाल रंग मारून ‘रिजेक्ट’ लिहिलं. साडेतीन मिनिटांत अडीच मिनिटं मुलाचा चेहरा ठेवला आणि मधेमधे मास्टर.

दिवाळीच्या आधी अण्णा पुण्याला आले होते, तेव्हा त्यांना लॅपटॉपवर फिल्म दाखवली. गोष्ट आमच्या घरातली आहे हे त्यांना दुसऱ्याच मिनिटाला कळलं असणार. शेवटपर्यंत शांतपणे पाहिली. मग चष्मा काढत म्हणाले, “पोरगा बोललाय चांगला. पण म्हातारा तेवढ्या वेळात कुठं होता?”

मी म्हटलं, “तिथंच होता की अण्णा, समोर बसलेला.”

“मला नाही दिसला,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

हा लेख त्या प्रश्नातून सुटण्यासाठी लिहायला घेतला होता. सुटता आलं नाही. पण त्या निमित्ताने संकलनाबद्दल थोडं वाचलं आणि तीन मराठी सिनेमे दर दोन मिनिटांनी पॉज करत पुन्हा पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते मांडतो.

*

संकलनाबद्दल वाचायला लागलेला माणूस दोन ठिकाणी हमखास पोचतो. पहिलं ठिकाण कुलेशोव्ह. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने शंभरेक वर्षांपूर्वी मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार क्लोज-अप घेतला आणि तो तीन वेगवेगळ्या शॉट्सना जोडला: सुपाचा वाडगा, शवपेटी आणि एक स्त्री. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि वासना दिसली, असं सांगितलं जातं. फिल्म स्कूलमध्ये हे ‘दोन शॉट्सच्या जोडणीतून तिसरा अर्थ निघतो’ अशा सूत्रात शिकवतात. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. चेहऱ्यावर काही नव्हतं म्हणून प्रेक्षकाला काम मिळालं. माझ्या सातव्या टेकमध्ये चेहऱ्यावर सगळंच होतं. पाहणाऱ्यासाठी काही शिल्लकच नव्हतं.

दुसरं ठिकाण वॉल्टर मर्च. ‘द कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘अपोकॅलिप्स नाऊ’चा हा संकलक. ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी साडेबारा लाख फूट फिल्म खर्च झाली होती. अंतिम सिनेमात आलेल्या दर १ फुटामागे साधारण ९५ फूट चित्रित झाले होते. इतक्या ढिगातून निवडणाऱ्या माणसाने ‘इन द ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय’ या छोट्या पुस्तकात चांगल्या कटचे सहा निकष दिलेत आणि प्रत्येकाला चक्क टक्केवारी लावली आहे. भावना ५१, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याचं भान ७, पडद्याच्या सपाट चौकटीतल्या दिशांचं भान ५ आणि प्रत्यक्ष जागेतली सलगता ४. तडजोड करायची वेळ आली तर खालून सोडत यायचं, भावना सोडायची नाही.

इंजिनियरला असं काही सापडलं की आनंद होतो. त्यातही ५१ हा आकडा हुशारीने निवडलेला आहे. उरलेल्या पाचांची बेरीज ४९. म्हणजे बाकीचे सगळे निकष एकत्र आले तरी भावनेला हरवू शकत नाहीत. हे वाचून मी आधी खूश झालो, कारण मीही भावनेलाच निवडलं होतं. मग लक्षात आलं, की मी पात्राच्या भावनेला गुण दिले होते. मर्च विचारतो ते वेगळंच: प्रेक्षकाला त्या क्षणी काय वाटायला हवंय? सातव्या टेकमध्ये नट रडत होता. अण्णांना मात्र समोरचा माणूस दिसत नव्हता.

तरीही मर्चच्या कोष्टकात मला एक रकाना कमी वाटतो. प्रेक्षकाला काहीतरी वाटतं ते तो कुठेतरी बसलेला असतो म्हणून. इथे मला थिएटरातली खुर्ची म्हणायची नाही, त्या प्रसंगातली जागा म्हणायची आहे. एकाच भांडणात मुलाच्या खांद्यामागे बसलेल्या माणसाला एक वाटेल, बापाशेजारी बसलेल्याला दुसरं आणि दारातून डोकावणाऱ्या शेजाऱ्याला तिसरंच. शॉट निवडणारा माणूस प्रेक्षकाची ही जागा ठरवत असतो. ज्यांचे सिनेमे आपल्याला पुरून उरतात त्यांनी ही जागा फार विचार करून, कधीकधी आपल्याला न आवडेल अशी निवडलेली असते.

*

‘फॅण्ड्री’ २०१४च्या फेब्रुवारीत थिएटरात लागला तेव्हा मी शाळकरी वयाच्या शेवटाला होतो. तालुक्याच्या गावी मित्रांसोबत पाहिला. शेवटचा डुक्कर पकडण्याचा प्रसंग सुरू झाल्यावर आमच्या थिएटरात लोक हसत होते. मीही हसलो. लिहायला लाज वाटते, पण या मुद्द्यासाठी ते सांगणं भाग आहे.

प्रसंग आठवत असेल. जब्याच्या घरच्यांना शाळेजवळ डुक्कर पकडावं लागतं. ज्या शालूसमोर आपली जात उघडी पडू नये म्हणून जब्या सिनेमाभर धडपडतो, ती शालू आणि अख्खी शाळा बघायला उभी आहे. चंदन अरोरा या सिनेमाचे संकलक. सहृदय संकलकाला इथे सोपा मोह कुठला झाला असता? जब्याजवळ राहण्याचा. सोमनाथ अवघडेचा चेहरा इतका बोलका आहे, की तो धरून बसलं असतं तर थिएटर हळहळलं असतं. सिनेमा तसं करत नाही. तो सारखा बघ्यांकडे जातो. हसणाऱ्या पोरांकडे, मजा घेणाऱ्या गावकऱ्यांकडे, पुन्हा धावणाऱ्या कुटुंबाकडे, पुन्हा बघ्यांकडे. पळापळ, पडणं, हुकणं, आरडाओरडा, ही सगळी विनोदी पाठलागाची सामग्री आहे आणि तिची लयही काही काळ तशीच राखलेली आहे. आपण बघ्यांच्या रांगेत कधी जाऊन बसलो ते कळत नाही. हसू येतं ते त्या जागेवरून.

मग डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, पाठोपाठ घरचे थांबतात. लय एकदम गोठते. डुकराला उभं राहण्याची सक्ती नसल्यामुळे ते निघून जातं. महाराष्ट्रात तेव्हा सिनेमाआधी थिएटरात राष्ट्रगीत लागायचंच. म्हणजे पडद्यावर जे उभे राहिलेत त्यांच्यासारखे आपणही पावणेदोन तासांपूर्वी उभे होतो. त्यांचं उभं राहणं आणि आपलं उभं राहणं यांची किंमत सारखी नाही, हे त्या थांबलेल्या शॉट्समध्ये कळायला लागतं. संवाद काहीच नाही. पुढे काठीला बांधलेलं डुक्कर ज्या भिंतीसमोरून नेलं जातं तिच्यावर आंबेडकर आणि फुले आहेत. तिथेही सिनेमा कुणाच्या चेहऱ्याचा क्लोज-अप देऊन आपल्याला काय वाटावं ते सांगत नाही. भिंत दिसते, माणसं तिच्यासमोरून जातात.

आणि शेवटी जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. या शॉटबद्दल खूप लिहिलं गेलंय, बहुतेक वेळा तो प्रेक्षकाला दिलेला धक्का म्हणून. पण नुसत्या कॅमेऱ्याकडे दगड भिरकावण्यात फार काही नाही. तो लागतो कारण त्याआधी आपल्याला बघ्यांच्या रांगेत बसवलेलं आहे. जब्याच्या चेहऱ्याजवळ बसून आपण दहा मिनिटं हळहळलो असतो, तर शेवटी दगड दुसऱ्या कुणासाठी तरी आहे असं समजून घरी गेलो असतो. मी गेलो नाही. हसलो होतो ना.

*

‘कोर्ट’मध्ये चैतन्य ताम्हाणे आणि संकलक रिखव देसाई आपल्याला वेगळ्याच जागी बसवतात: न्यायालयात मागच्या बाकावर, जिथे आपली तारीख अजून आलेली नसलेला माणूस बसतो. कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर. नारायण कांबळे या शाहिराला गाणं चालू असताना मंचावरून पोलीस घेऊन जातात. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात इथे किमान तीन शॉट लागले असते: शाहिराचा चेहरा, पोलिसाचा हात, गर्दीतलं एखादं भेदरलेलं मूल. इथे आपण गर्दीइतकेच लांब असतो आणि काय चाललंय ते कळायला गर्दीइतकाच वेळ लागतो.

या सिनेमाचा एक दोष नेहमी सांगितला जातो, की तो संथ आहे, शॉट संपल्यावरही संपत नाही. मला वाटतं, ‘संपल्यावर’ या शब्दातच गोम आहे. आपल्या कामात प्रोग्रॅमचा काही भाग कधीच वापरला जात नसेल तर तो काढून टाकतात. संकलनातही तसंच शिकवतात: माहिती मिळाली की कट. ‘कोर्ट’ माहिती मिळाल्यानंतर थांबतो, कारण त्याचा विषयच थांबणं हा आहे. गटारसफाई करताना मेलेल्या वासुदेव पवारची बायको साक्ष देते. नवरा खाली उतरण्याआधी दारू प्यायचा, आत झुरळ दिसतंय का बघायचा, ते दिसलं तर हवा आहे असं समजायचा. आत्महत्येच्या आरोपाची सगळी इमारत इथे कोसळते. ‘जॉली एलएलबी’ छापाच्या कोर्टपटात या क्षणी न्यायाधीशाचा चमकलेला चेहरा, सरकारी वकिलाचा पडलेला चेहरा आणि आपल्या वकिलाचा उजळलेला चेहरा असे तीन कट ठरलेले असतात. ते तीन कट प्रेक्षकाला सांगतात, की ऐकलं गेलं. ‘कोर्ट’ तशी पावती देत नाही. ती बाई जेवढ्या सपाट आवाजात सांगते तेवढ्याच सपाटपणे कामकाज पुढे सरकतं. ऐकलं गेलं की नाही हे मागच्या बाकावरून कळत नाही. प्रत्यक्षातही कळत नाही.

शेवटाबद्दल मात्र माझं बऱ्याच मित्रांशी भांडण झालंय. न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि रिकाम्या न्यायालयाचा तो शॉट अंधार होईपर्यंत टिकतो. अनेकांच्या मते सिनेमा इथेच संपायला हवा होता. थिएटरात तिथे लोक उठायलाही लागतात. सिनेमा संपत नाही. पुढे न्यायाधीश सदावर्ते सहलीला जातात, रिसॉर्टवर बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात.

अंधाराचा शॉट देखणा आहे. त्यावर संपवलं असतं तर ‘व्यवस्था अंधारी आहे’ असं काहीतरी मनाशी म्हणत आपण बाहेर पडलो असतो, आणि व्यवस्थेला चेहरा नसल्यामुळे आपली सुटका झाली असती. सहलीच्या शॉट्समध्ये चेहरा आहे. तो राक्षसाचा नाही. बर्म्युडा घातलेल्या, मुलांच्या नावाच्या स्पेलिंगबद्दल सल्ले देणाऱ्या, कुणाच्याही काकांसारख्या माणसाचा आहे. आणि या सगळ्या वेळात कांबळे तुरुंगात आहे. सिनेमा त्याला एकही शॉट देत नाही. ज्याची सुट्टी आहे त्याला शेवटची दहा मिनिटं, ज्याची कैद आहे त्याला शून्य. वेळेची ही वाटणी हाच सिनेमाचा निकाल आहे असं मी मानतो. तो देखण्या अंधाराआड लपवला नाही, याबद्दल संकलकाचे आभार मानायला हवेत.

*

‘सैराट’चा शेवट तर सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल. आपल्याला आठवतात ती लहानग्याची पावलं. मला पुन्हा पाहताना लक्षात राहिला तो चहा.

आर्ची दारात रांगोळी काढतेय. भाऊ आणि त्याच्याबरोबरची माणसं येतात, आईने पाठवलेल्या वस्तू आणतात. पाहुणे घरात बसतात, चहा होतो, परश्या बाहेरून येतो. संकलक कुतुब इनामदार इथे आपल्याला यजमानाच्या जागी बसवतात. पाहुणे आलेत, कशासाठी आलेत ते विचारायचं कसं, चहा तर द्यायलाच हवा. भीती वाटतेय पण शिष्टाचार मोडवत नाही, ही अवस्था आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. मग मधलं काहीच नाही. शेजारीण बाळाला घेऊन परत येते आणि बाळ घरात शिरतं. आवाज निघून गेलेला आहे. आता आपण बाळाच्या जागी.

मारताना न दाखवणं ही युक्ती नवी नाही. ‘शोले’त ठाकूरच्या घरातल्या लहान मुलावर गब्बर बंदूक रोखतो, गोळीचा आवाज होतो आणि पडद्यावर रेल्वे येते. ते संकलन एम. एस. शिंदे यांचं. त्या सिनेमाला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर त्यांचंच. पण ‘शोले’तला कट आपल्याला तिथून बाहेर काढतो आणि ठाकूरबरोबर स्टेशनवर आणतो. ‘सैराट’ बाहेर काढत नाही. तो दारात उभं करतो आणि थांबतो.

याची ताकद पहिल्या भागातून येते असं मला वाटतं. पूर्वार्धात हा सिनेमा व्यावसायिक सिनेमाची सगळी रीत मनमुराद वापरतो: स्लो मोशन, गाण्यांतले भराभर कट, लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला भव्य वाद्यवृंद. दीडेक तास आपल्या डोळ्यांना सवय लावली जाते, की हवं ते हवं तेव्हा दाखवलं जाईल. शेवटी ती सवय काढून घेतली जाते. माझी तक्रार एवढीच, की पावलांचा तो शॉट थोडा जास्त रेखीव आहे, आठवणीत राहण्यासाठीच घेतल्यासारखा. चहाचे शॉट्स तसे नाहीत. त्यांना आपण काय आहोत हे माहीत नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त हादरवतात.

*

हे सगळं पाहून झाल्यावर मी आमच्या फिल्मचं प्रोजेक्ट पुन्हा उघडलं. वडिलांचा तिसरा टेक, लाल रंगातला, पहिल्यांदाच सलग पाहिला. वडिलांचं काम त्या गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी केलं होतं. कॅमेऱ्याबाहेर मुलगा बोलतोय. ‘डाउन पेमेंट’ हा शब्द येतो तेव्हा त्यांचा अडकित्ता सुपारीवर टेकतो आणि तिथेच राहतो. दाबला जात नाही. मुलाचा संवाद अडखळतो तेव्हा ते त्याच्याकडे बघतात, म्हणजे पोराला शब्द सापडत नाहीयेत म्हणून काळजीने बघावं तसं. हे पटकथेत नव्हतं. नट खरंच अडखळला होता म्हणून ते घडलं. मग ते सुपारी अख्खीच डब्यात परत ठेवतात. याच सुमारास फोकस सुटतो, दोन सेकंदांनी परत येतो.

माझ्या शीटमध्ये यातल्या एकाही गोष्टीसाठी रकाना नव्हता. अडखळण्यासाठी होता, त्याचे गुण कापले होते.

नव्या कटमध्ये मुलाचा आवाज आहे तसाच ठेवलाय, पण त्यातला बराचसा भाग आता वडिलांच्या चेहऱ्यावर ऐकू येतो. फोकस सुटलेला तुकडाही ठेवलाय. मुलाचं रडणं मास्टरमध्ये, लांबून, वडिलांच्या पाठीमागून दिसतं. सातवा टेक पूर्ण गेला. मित्राला हे कळल्यावर त्याने दोन दिवस फोन उचलला नाही. मग म्हणाला, “माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला टेक होता.” होताच. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. निवडणं म्हटलं की कुणाचा तरी चांगला टेक डब्यात जाणार, आणि आजवर आमच्या घरात तो कुणाचा गेला होता हे मला उशिरा कळलं.

तो दीड एकर खरोखर विकला गेला होता, तीन वर्षांपूर्वी. त्या संध्याकाळी ओट्यावर मी बराच वेळ बोलत होतो, आणि माझे सगळे संवाद मला आजही तोंडपाठ आहेत. म्हणूनच तर पटकथा एका बैठकीत झाली. अण्णा तेव्हा काय करत होते ते मात्र मला आठवत नाही. सुपारी तर ते खातच नाहीत. ती मी पटकथेत घातली, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

नवा कट त्यांना पाठवलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा आल्यात. दिवाळीला गावी जाईन तेव्हा विचारीन, पण फिल्मबद्दल नाही. त्या संध्याकाळबद्दल.